भोपळ्याच्या गळ्यातली माळ

जबलपूरजवळच्या कुंडमच्या बाजारामागे महुआच्या झाडाखाली रविवारी सकाळपासून रांग लागायची. रांगेत काविळीनं पिवळ्या झालेल्या डोळ्यांची माणसं, कडेवर पिवळी पोरं, आणि पुढे ओट्यावर मालाबाबा. बाबा औषध देत नसे, नाडी बघत नसे. कसल्याशा हिरव्या काड्यांची दोऱ्यात गुंफलेली आखूड माळ तो रोग्याच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवी आणि एका सुरात म्हणे, "पीलिया सिर से गले पे आएगा, गले से पेट पे, पेट से पाँव पे, और पाँव से सीधा पाताल में. बस, अंग्रेज़ी दवा मत लेना. माला रूठ जाएगी."

माळ रुसत नसे, उलट वाढत असे. हाच चमत्कार होता. डोक्यावर जेमतेम बसणारी माळ दोन-चार दिवसांत गळ्यात उतरे, मग छातीवर, मग बेंबीपर्यंत. वर एक काडीही कोणी जोडलेली नसे. माळ रोग पिऊन लांब होते, असं बाबा सांगे आणि डोळ्यांनी दिसत असलेली गोष्ट नाकारायची कशी, असं लोक म्हणत.

हेमचंद्र गाडगे कुंडमच्या शाळेत विज्ञान शिकवत. घर जबलपूरला, अधारतालमध्ये. मागच्या उन्हाळ्यात त्यांना स्वतःला कावीळ झाली, तेव्हा आईच्या हट्टापायी त्यांनीही ही माळ घातली होती. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांतीही घेतली आणि ते बरे झाले. तेव्हापासून बाबा रांगेला सांगू लागला, "साइंस वाले सर जी ने भी पहनी है." हे सरांच्या कानावर आलं होतं. ते हसले आणि त्यांनी विषय सोडून दिला.

पावसाळा सरत आला तेव्हा गावाबाहेरच्या वस्तीत, टोल्यात, घराघरांत कावीळ निघाली. तिथं भाऊराव ठाकरेंचं किराणा दुकान होतं. त्यांच्या मुलाची, योगेशची, बायको रोशनी सातव्या महिन्यात होती. एका दुपारी भाऊराव शाळेच्या फाटकाशी येऊन थांबले.

"सर, आमच्या रोशनीचे डोळे पिवळे दिसून राहिले. योगेश म्हणते जबलपूरले नेऊ. तिची सासू म्हणते माळ घालू. तुम्ही घातली होती ना?"

"घातली होती."

"मंग घालू काय तिले?"

सरांचा तास सुरू होणार होता. म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेला उगाच कशाला धक्का द्यायचा, असंही मनात आलं. ते म्हणाले, "घाला. माळेनं काही नुकसान तर होत नाही."

भाऊराव समाधानानं परतले. दवाखान्यात न्या, हे वाक्य सरांच्या ओठांवर आलंच नव्हतं असं नाही. पण माळ घालायला नाही म्हणावं लागेल, मग आपण का घातली ते सांगावं लागेल, या संकोचानं ते तिथंच राहिलं.

आठवडा झाला नसेल, योगेशचा फोन आला. "सर, माळ छातीपर्यंत आली, घरचे सगळे खुश होते. पण ती सकाळपासून काहीच्या काही बोलून राहिली. मले ओळखत नाही आहे."

सर स्वतःची गाडी घेऊन धावले. मागच्या सीटवर योगेशच्या मांडीवर डोकं ठेवून रोशनी ग्लानीत बडबडत होती. जबलपूरच्या दवाखान्यात तिला थेट अतिदक्षता विभागात नेलं. रोशनी वाचली. बाळ वाचलं नाही.

डॉक्टर दीप्ती देशकर दारात येऊन दोघांशी बोलल्या. "ही ई प्रकारची कावीळ आहे. घाण मिसळलेल्या पाण्यातून पसरते. बाकीचे बहुतेक विश्रांतीनं बरे होतात. पण दिवस गेलेल्या बाईच्या जिवावर बेतते."

"लवकर आणलं असतं तर?" योगेशनं विचारलं.

"बाळ वाचलंच असतं असं मी सांगणार नाही. पण आम्हाला वेळ मिळाला असता."

योगेशनं सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं पाहिलं असतं, काही बोलला असता, तर बरं झालं असतं असं सरांना वाटलं.

नर्सनं रोशनीच्या गळ्यातून कापून काढलेली माळ पिशवीत घालून दिली होती. बाहेर बाकावर बसून सरांनी ती पहिल्यांदा नीट पाहिली. स्वतःच्या गळ्यात पंधरवडाभर होती, तेव्हा एकदाही पाहिली नव्हती. काड्या पुनर्नवेच्या होत्या, शाळेच्या कुंपणाला उगवते तीच. प्रत्येक काडीभोवती दोऱ्याचा सरकता फास होता. काडी वाळून बारीक झाली होती, फास ढिला पडला होता. सरांनी दोरा जरासा ओढला. फास सुटला आणि माळ बोटभर लांब झाली. पुढचा फास ओढला, आणखी बोटभर. ते ओढतच राहिले. इतकं सोपं होतं.

पुढच्या रविवारी त्यांची पत्नी कुंदा रांगेत उभी राहिली. पेशंटला उठवत नाही, घरीच झोपून आहे, असं सांगून तिनं बाबाकडून ताजी माळ आणली आणि सरांनी ती लाल भोपळ्याच्या माथ्यावर ठेवली. येता-जाता दोघं भोपळा जरा हलवत, माणूस हलतो तितपत.

त्यानंतरच्या रविवारी सर पाटावर भोपळा घेऊन महुआखाली गेले. माळ भोपळ्यावरून घसरून पाटावर सैल पडली होती.

"बाबाजी, माझी बायको तुमच्याकडून माळ घेऊन गेली होती. हा तो पेशंट."

रांगेत खसखस पिकली. बाबा डगमगला नाही. "कद्दू भी तो अंदर से पीला होता है, सर जी. उसका भी पीलिया उतर गया."

आता लोक मोठ्यानं हसले आणि क्षणभर बाबा जिंकला असं वाटलं. सरांनी भोपळा तिथंच कापला. आत तो तसाच पिवळाधमक होता.

"कावीळ उतरली नाही, तरी माळ वाढली," सर म्हणाले. मग त्यांनी पुनर्नवेच्या ओल्या काड्या काढल्या, सर्वांदेखत फास टाकून माळ ओवली आणि शेजारी कोरड्या काड्यांची दुसरी माळ ठेवली. "ओढून बघा. ओली काडी फास धरून ठेवते, वाळली की सोडते. आपण श्वास घेतो, कुशीवर वळतो, तसा आतला दोरा बाहेर येतो. रोगाचा काही संबंध नाही."

बायका, माणसं एकेक करून पुढं झाली. दोरा ओढला की माळ लांबायची. बाबानं आपली टोपली उचलली. "जिसको विश्वास नहीं, वो न आए," एवढं बोलून तो मोटारसायकलकडे चालू लागला.

"पण सर, लोक बरे तर होत होते," कोणीतरी म्हणालं.

"कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. माझीही तशीच झाली. श्रेय माळेला गेलं."

गर्दीच्या कडेला भाऊराव उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "माळेनं काही होत नाही हे तुम्हाले समजत होतं, सर. मंग मी विचारलं तवा काहून नाही सांगितलं?"

सर्वांच्या माना वळल्या. सर म्हणाले, "मला लाज वाटली, भाऊराव. मीही माळ घातली होती हे कबूल करायची."

भाऊरावांनी मान हलवली आणि ते निघून गेले. त्यांनी माफ केलं की नाही, हे सरांना कळलं नाही. विचारण्याचा आपल्याला हक्क नाही, एवढं कळलं.

योगेशनं चार जणांना घेऊन टोल्यातली नाली उपसली. नळाचा फुटका पाइप तिच्यातूनच गेला होता. पाइप बदलेपर्यंत पाणी उकळूनच प्या, असं सर घरोघर सांगत फिरले. रोशनीच्या दारापाशी मात्र त्यांची पावलं अडत. शेवटी तिनंच एकदा हाक मारली. ती खूप वाळली होती.

"सर, बसा." तिनं खाट पुढं सरकवली. मग म्हणाली, "तुम्ही नको म्हटलं असतं तर सासऱ्यांनी तुमचं ऐकलं असतं."

"हो. ऐकलं असतं."

"मले राग आहे तुमचा. जाईल की नाही, माहीत नाही." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "पण शेजारच्या नंदा दीदीची सून गरोदर आहे. कालपासून उलट्या करून राहिली आणि घरचे दुसरा बाबा शोधून राहिले. गाडी आणली आहे ना? चला, मी येते सोबत."

नंदाबाईंच्या अंगणात सर तोंड उघडणार, तोच रोशनीनं त्या पोरीची खालची पापणी ओढून पाहिली आणि तिच्या सासूकडे वळली.

"दीदी, डोळे पिवळे आहेत हिचे. रक्त आजच तपासायचं. उद्या नाही. कोणी धागा देईल, कोणी माळ देईल, कोणी पाणी फुंकून देईल. देणाऱ्याले एकच विचारा, याच्यानं बरं होते हे तू कसं पाहिलं? उत्तर नाही आलं तर त्याच्या दारी थांबू नका. मी थांबले होते."

नंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या ओटीकडे पाहिलं आणि आत जाऊन सुनेच्या चपला घेऊन आल्या.