सुनेने न वाचलेलं नाव

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तेरेक-बुलाकच्या शाळेत मतदारयादीवरून तीनदा बोट फिरलं आणि अल्तिनबूबूचं नाव सापडलं नाही. २००४ सालच्या ऑक्टोबरातला रविवार होता. गावसभेची निवडणूक होती.

बोट केंद्रप्रमुख तोक्तोसुनचं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. गाव त्याला 'आगाय' म्हणे, म्हणजे मास्तर, आणि वयाने थोर बाईला 'आपा'.

"आपा, पासपोर्ट बरोबर आहे, पत्ता बरोबर आहे," तो म्हणाला. "यादीत मात्र तुम्ही नाही."

"नीट बघ. लहानपणी तुला नकाशात आपली नदीसुद्धा सापडत नव्हती."

रांगेतले लोक हसले. आगाय हसला नाही. त्याने यादी तिच्यासमोर फिरवून ठेवली. अल्तिनबूबूने चष्मा लावला, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

मागे तिची सून उपेल उभी होती. दोन आठवड्यांपूर्वी हीच यादी तिने वाचली होती, अकरा बायकांसमोर, मोठ्याने.

तेरेक-बुलाकची महिला मतदार मंडळी उपेलच्याच घरातून निघाली होती, आणि उपेल तिची चिटणीस होती. १९९५ च्या निवडणुकीत तिचा नवरा मेदेर घरातले सात पासपोर्ट, म्हणजे तिथली ओळखपत्रं, कोटाच्या खिशात घालून गेला आणि सात मतपत्रिका एकटाच टाकून आला. तेव्हा सगळ्याच घरांत तसं चाले. थंडीत बायकांना कशाला त्रास. अल्तिनबूबूने लेकाला जेवायला वाढलं आणि विचारलं, "मी कुणाला मत दिलं रे?" मेदेरला आठवेना. दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या वाचनालयात बायका जमवल्या. पहिली दोन वर्षं एकच धडा होता: आपला पासपोर्ट आपल्या खिशात. सासवांनी पासपोर्ट ठेवलेल्या पेट्यांच्या किल्ल्या सोडेपर्यंत तिसरं वर्ष उजाडलं. २००० सालात गावातल्या दर दहा बायकांमधल्या सात जणी स्वतःच्या पायांनी मतदानाला गेल्या. स्वतः अल्तिनबूबूने त्या सात पासपोर्टांनंतर एकही मतदान चुकवलं नव्हतं.

यादी तपासायची रीतही तिनेच घातली होती. भिंतीवर यादी लागली की गल्लीवार वाचन व्हायचं आणि प्रत्येक गल्ली तिथल्याच सुनेने वाचायची. कोण मेलं, कोण रशियात कामाला गेलं, कोण रुसून माहेरी बसलंय, हे सुनेइतकं कुणाला ठाऊक नसतं.

या रीतीत एक भोक होतं. सून सासरच्या थोरांचं नाव तोंडाने घेत नाही. 'अल्तिन' म्हणजे सोनं, म्हणून लग्न झाल्यापासून बावीस वर्षं उपेल सोन्यालाही 'पिवळं' म्हणत आली होती, अगदी सोनाराच्या दुकानातसुद्धा. वाचता वाचता स्वतःचं घर आलं की ती क्षणभर थांबायची, "आणि आमची थोरली" म्हणायची आणि पुढे जायची. त्याही दिवशी ती सवयीने थांबली, सवयीने म्हणाली. त्या जागी कागदावर काय छापलंय, ते तिने पाहिलं नाही.

"मी वहीत खूण केली ना," रांगेतली बात्मा पुटपुटली. मंडळीची वही तिच्याकडे असे. "तू 'थोरली' म्हणालीस, मी खूण केली. आता दोघींनी मिळून उडी मारायला विहीर शोधायची."

"न्यायालयाचा हुकूम आणलात तर रात्री आठपर्यंत नाव चढवता येईल," आगाय म्हणाला. "जिल्ह्याला जावं लागेल. यादी तपासणाऱ्याची साक्ष लागेल."

"तपासली कुणी ते ही सांगेल," अल्तिनबूबू म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली. उपेल मत न देताच मागे निघाली. चाळीस किलोमीटर मेदेरने गाडी हाकली.

निवडणुकीमुळे न्यायालय उघडं होतं. त्यांच्याआधी नऊ तक्रारी होत्या. संध्याकाळी सहाला त्यांना आत बोलावलं.

"यादी कुणी तपासली?" न्यायाधीशाने विचारलं.

"मी."

"कुणाचं नाव गळालंय?"

"यांचं."

"यांचं म्हणजे कुणाचं?"

"आमच्या थोरल्यांचं."

न्यायाधीश याच जिल्ह्यातला होता. त्याला कळलं, आणि तो ओशाळल्यासारखा झाला. "वहिनी, घरी माझी आईसुद्धा असंच बोलते. पण नोंदीत 'थोरल्या' लिहिता येत नाही. साक्षीदाराच्या तोंडून नाव यायला हवं."

उपेलने मान खाली घातली.

"बोल, पोरी," अल्तिनबूबू म्हणाली. "हवं तर मी कान झाकते."

उपेलने नाव घेतलं. लेखनिकाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी ते खोलीभर ऐकू गेलं. अल्तिनबूबूने कान झाकले नव्हते.

लेखनिकाने जिल्ह्याचं नोंदपुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवलं आणि ते न्यायाधीशासमोर सरकवलं. नाव गळालं नव्हतं, काढलं होतं. ऑगस्टच्या अकरा तारखेला अल्तिनबूबू मयत, अशी नोंद होती.

"कुणी केली ही?" मेदेरने विचारलं.

"सही वाचता येत नाही," न्यायाधीश म्हणाला. "गळालेलं नाव चढवायचा हुकूम मी देऊ शकतो, मयताचं नाही. मृत्यूची नोंद मात्र नोंदणी कार्यालयच पुसतं, आणि आज रविवार आहे."

साडेसातला ते परत शाळेत पोचले. आगाय दारातच उभा होता. त्याने चेहरे पाहिले आणि तो बाजूला झाला. उपेल पायरीवर बसली.

"ऊठ," सासू म्हणाली.

"तुमच्याशिवाय कशी जाऊ, आपा? माझ्यामुळेच झालं हे."

"तुझ्यामुळे उशिरा कळलं. केलं दुसऱ्या कुणीतरी. जा आत. मी मेलेय, तू नाहीस."

सात वाजून एकावन्न मिनिटांनी उपेलने मत दिलं. तोवर अल्तिनबूबू पटांगणात उभी होती, हातात पासपोर्ट धरून. आठ वाजता पेटीला सील लागलं.

पुढच्या आठवड्यात उपेलने चिटणीसपद सोडत असल्याची चिठ्ठी दिली. मंडळीने ती वाचली आणि निर्णय पुढे ढकलला. यादी यापुढे गावातच जन्मलेल्या लेकींनी वाचावी, असं बात्माचं मत आहे. "म्हणजे सुनांना मुक्या करायचं?" असं अल्तिनबूबूने विचारलं. त्यावरही अजून एकमत झालेलं नाही.

मृत्यूची नोंद रद्द करण्याचा अर्ज मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दाखल झाला. अर्जदार म्हणून सही स्वतः अल्तिनबूबूची आहे. अर्जदार हयात असल्याचा दाखला जोडावा, असं कार्यालयाने नोव्हेंबरात कळवलं, तो जोडला. पुढची निवडणूक फेब्रुवारीत आहे, तिची यादी जानेवारीत लागेल. आज डिसेंबरची एकोणीस तारीख. उत्तर आलेलं नाही.