तीन मिनिटं मागे

बाबांना दिसेनासं झालंय, ही शंका आधी आईला आली. "एकदा तूच जाऊन बघ," ती लेकीला म्हणाली, "माझ्यापुढे मेले ताकास तूर लागू देत नाहीत." म्हणून आज लेक पर्यटकांच्या घोळक्यात, अगदी पहिल्या रांगेत, मुकाट चालत होती.

बाबा तीस वर्षं लोकांना जुनं शहर पायी दाखवत होते, आणि तेही उलटं चालत, तोंड लोकांकडे ठेवून. कारंजं, दगडी कमान, मग चौकात उतरणाऱ्या चार पायऱ्या. प्रत्येक पायरीला लेकीचा जीव टांगणीला लागत होता. बाबांचा पाय मात्र अचूक पडत होता. आईचं आपलं काहीतरीच, असं तिला वाटू लागलं.

चौकात बाबांनी ऐटीत वळून हात वर केला. "हे मनोऱ्यावरचं घड्याळ बघा. जन्मापासून तीन मिनिटं मागे! हवं तर आपापल्या घड्याळाशी ताडून पाहा."

मनोऱ्यावर घड्याळच नव्हतं. कालच ते दुरुस्तीसाठी उतरवलं होतं, आणि तिथे नुसतं काळं भगदाड होतं. घोळक्यात कुजबुज झाली. कुणीतरी फिसकन हसलं. एकाने बोलायला तोंड उघडलं, तशी लेक ओरडलीच, "बरोब्बर तीन मिनिटं, बाबा!"

बाबा दचकले. त्यांची नजर तिच्या डोक्यावरून भिरभिरली. मग ते मोठ्याने हसले.

"अगं, तुला तर मी कारंज्यापाशीच पाहिलं! लाल रंग काय खुलतो गं तुला!"

लेकीने आपल्या पांढऱ्या बाहीने डोळे पुसले.