रंभाबाईची लेक

भागीरथाला राग लवकर यायचा, हे गावाला ठाऊक होतं. पण माघातल्या त्या रविवारी आला तसा राग तिला आधी कधी आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो पुढे कधी पुरता गेलाही नाही. काही राग जाऊ नयेतच.

साल शहाऐंशी. सावली नावाच्या मोठ्या गावापासून नऊ किलोमीटर आत, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं गाव. भागीरथा बौद्ध वस्तीतली, दहावी झालेली, बालवाडीची बाई. सकाळी पोरांना सांभाळायची आणि दुपारी ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून द्यायची. आदल्या पावसाळ्यात रोवणी चालू असताना तिच्या शेजारी वाकून रोपं लावणाऱ्या रुखमाने विचारलं, रविवारी रेडिओत गाण्याआधी लोकांची नावं घेतात, तसं आपलंही घेतील का? कार्ड टाकलं तर घेतील की, असं भागीरथा म्हणाली. रुखमाने आणखी दोन रोपं लावली.

"पन रुखमा नोको लिवू," मग ती म्हणाली. "सोमारी लिव. रुखमाले माही माय वळखत नाई."

लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं आणि पंधरा वर्षांची सोमारी रुखमा झाली, त्याला आता बारा वर्षं होत आली होती. माहेर मुलचेऱ्याच्या पलीकडे, तीन एसट्या बदलून जायचं. आई रंभाबाईला वाचता येत नव्हतं. पत्र गेलं तर ते दुसऱ्याने वाचायचं, आणि वाचणारा स्वतःच्या पदरची दोन वाक्यं घालायचा. रेडिओ मात्र तिच्या घरात होता. म्हणून भागीरथाने कार्डावर गाण्याचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, रंभाबाईची लेक सोमारी.

नाव लागलं. पंधरा दिवसांनी मुलचेऱ्याकडून आलेल्या एका पाहुण्याबरोबर चिंचेचा एक गोळा आला आणि निरोप आला की मायने ऐकलं, ऐकून रडली आणि मग गावभर सांगत फिरली.

मग काय, एकीचं पाहून दुसरी आली. दिवाळीपर्यंत अकरा बाया झाल्या. अमकीची लेक तमकी, असंच प्रत्येकीचं कार्ड. सासरी जिला 'ऐकून राह्यली काय' एवढ्यावरच हाक मारतात, तिचं माहेरचं नाव रविवारी दुपारी एक वाजता पाच जिल्ह्यांत ऐकू जायचं. बाया बालवाडीच्या ओसरीवर बसायच्या. रेडिओचे सेल सकाळपासून उन्हात तापवून ठेवलेले असायचे. जिचं नाव लागे ती तोंडाला पदर लावून हसायची. एवढंच त्यांचं सुख होतं, आणि तेवढंही काही लोकांना बघवलं नाही.

पुरुषांचा श्रोता संघ आठ वर्षं जुना होता. त्याला रबरी शिक्का होता, सचिव होता. सचिव म्हणजे मुखरू. पन्नाशीचा, हसतमुख, सगळ्यांच्या लग्नात पंगतीला वाढायला पुढे असणारा. त्याचं किराणा दुकान होतं आणि गावचं टपालही त्याच दुकानात होतं. भिंतीवरच्या लाल पेटीतली कार्डं तो सकाळी काढायचा, त्यांच्यावर शिक्का मारायचा, पिशवीत घालून पिशवी बांधायचा आणि सायकलवाला ती सावलीला न्यायचा. बायांची कार्डं जायला लागल्यापासून रेडिओत पुरुषांच्या संघाचं नाव कमी लागतं, असं तो हसत हसत म्हणायचा. हसत म्हणायचा म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

आणि मग तो माघातला रविवार. रेडिओतली बाई गोड आवाजात म्हणाली, रंभाबाईची लेक सोमारी आणि तिचा जिवलग चैतू यांनी हे गाणं एकमेकांसाठी मागवलं आहे, दोघांना आमच्या शुभेच्छा. तिचा बिचारीचा काय दोष? कार्डावर होतं ते तिने वाचलं. ओसरीवर कोणी हसलं नाही. समोर सुकलूच्या चहाच्या हॉटेलात पुरुषांचा रेडिओ असायचा, तिथून मात्र मोठा हशा आला.

चैतू नावाचा माणूस गावात नव्हताच. पण संशयाला माणूस कशाला लागतो? रुखमाचा नवरा सोमाजी त्याच हॉटेलात बसला होता. सोमारी म्हणजे कोण, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी त्याने बैल हाकायच्या काठीने रुखमाला मारलं. दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर पाणी हापसताना तिचा हात वर उचलेना. भागीरथाने तिच्या पाठीवरून पदर सरकवून पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सोमाजीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणायचं ते सगळं म्हणाली. तो खाली मान घालून दोरी वळत राहिला.

पुढच्या दोन रविवारी आणखी दोघींची नावं तशीच लागली, प्रत्येकीला एक जिवलग चिकटवून. अकरापैकी आठ बायांनी यायचं सोडलं. मुलचेऱ्याकडून पुन्हा निरोप आला. रंभाबाईने कळवलं होतं की मला सोमारी नावाची लेक होती, ती मेली.

रुखमा हे ऐकून रडली नाही. "आता माहं नाव घेनारं कोनीच नाई राह्यलं," एवढंच ती म्हणाली आणि शेण काढायला गेली. भागीरथाला ते वाक्य रात्रंदिवस टोचत राहिलं.

त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी. बायांची कार्डं कोण लिहितं? भागीरथा. मग हे उद्योग कोणाचे? तिचेच, असं लोक म्हणू लागले. ज्या बायांसाठी ती दुपारच्या दुपारी वाकून लिहीत बसायची, त्यांतल्या दोघीतिघी तिला पाहून रस्ता बदलू लागल्या. गावातले वडीलधारे बापूजी, ज्यांचा शब्द पंचायतीत चालायचा, त्यांनी तिला बोलावून समजुतीने सांगितलं की बाई, तू कार्डं बंद कर, म्हणजे आपोआप सगळं थंड होईल. दुर्लक्ष केलं की असले लोक कंटाळतात. भागीरथाने विचारलं, ज्याने केलं त्याला कोणी काही बंद करायला सांगितलं का? बापूजी म्हणाले, तो कोण हे कुठी माहीत हाय.

मग माहीत करून घेऊ, असं तिने मनाशी ठरवलं. संताप होता तसाच ठेवून तिने डोकं चालवलं. कार्ड तिच्या हातून पेटीत जातं. पेटीतून मुखरूच्या हातात. तिथून बांधलेल्या पिशवीत. मध्ये दुसरं कोणी येतच नव्हतं.

फाल्गुनात तिने एक कार्ड लिहिलं: सीताबाईची लेक केसर, सिरोंच्याकडची. ते बापूजींना वाचायला दिलं आणि म्हणाली, या नावाची सून गावात कोणाकडे नाही, तुम्हीच सगळी घरं आठवून पाहा. बापूजींनी आठवून पाहिली. नव्हती. मग त्यांना सोबत घेऊन तिने ते कार्ड पेटीत टाकलं आणि हे कोणाला सांगायचं नाही, अशी त्यांना शपथ घातली. म्हणजे पेटी उघडणाऱ्याखेरीज ते नाव कोणाला कळणार नव्हतं. माहेरच्या नावामागे सासरी कोणती बाई आहे, हे कार्ड पाहून कळत नाही. केसर ही कोणाची तरी बायको असणारच, असं वाचणाऱ्याला वाटणार होतं.

तीन रविवार काही झालं नाही. चौथ्या रविवारी भागीरथा ओसरीवर बसली नाही. ती सरळ हॉटेलात गेली. पुरुषांत बाई येऊन बसली म्हणून सगळे अवघडले. मुखरूने तिच्यासाठी चहा सांगितला. तिने तो घेतला नाही. बापूजी बाकावर बसले होते. रुखमा भागीरथाच्या मागे दाराशी उभी होती.

दोन गाणी झाली. मग रेडिओतली बाई म्हणाली, सीताबाईची लेक, सिरोंच्याकडची केसर आणि तिचा दिलवर सुकलू.

हॉटेलवाल्या सुकलूच्या हातातली गाळणी तशीच राहिली. बाकी सगळे हसले आणि लगेच ही केसर कोणाची म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. ज्यांच्या बायका सिरोंच्याकडच्या होत्या त्यांचे चेहरे उतरले. भागीरथाने हात लांब करून रेडिओ बंद केला.

"केसर कोनाचीच नाई," ती म्हणाली. "ते नाव म्या मनानं केलं. बापूजीइले इचारा."

बापूजींनी होय म्हणून मान हलवली. मुखरू मात्र मोठ्याने हसला. त्याला वाटलं, सुटलो.

"मंग बिघडलं कोनाचं?" तो म्हणाला. "केसर नाईच, तं बदनामी कोनाची झाली? गंमत होती, बाई. रेडिओवरची गोष्ट, ते काय खरं असते?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, गंमत कोणाची ते आपणच सांगून बसलो. हॉटेलातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं. बापूजींनी डोळे मिटून घेतले. सोमाजी उठून उभा राहिला, पण भागीरथाने त्याला बोटाने खाली बसवलं. तुला काठी आता आठवते होय, असं ती त्याला सगळ्यांसमोर म्हणाली, आणि त्या दिवशी काठी मुखरूने नव्हती उगारली, तू उगारली होतीस, हेही म्हणाली. तो बसला.

मग समेटाची गोष्ट निघाली. ती निघतेच. मुखरू चांगला माणूस, अडीनडीला उधार देतो, चूक झाली, हात जोडेल. आणि बाईनेही आता कार्डं थांबवावीत, म्हणजे दोन्हीकडून मिटलं, असं बापूजी म्हणाले. दोन्हीकडून! भागीरथाला तो शब्द गालात चपराक मारल्यासारखा लागला. तिने केलं काय होतं की तिच्याकडून मिटावं? ती म्हणाली, आमच्याकडून काही मिटवायचं नाही. माफी मागायची तर इथे मागून काय होणार, इथे कोणाची लेक मेली नाही. मुलचेऱ्याला चला.

मुखरू आधी दुकानाचं निमित्त सांगू लागला. भागीरथा म्हणाली, नाहीतर टपालाच्या साहेबांना अर्ज लिहिते. तेव्हा तो निघाला. (अर्ज तिने आधीच टाकला होता, सावलीला स्वतः चालत जाऊन. त्याचं उत्तर पुढे आलं, की चौकशी चालू आहे. ती अजून चालूच असेल.)

चैत्र लागला होता. रंभाबाईच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. म्हातारी त्यांतला काडीकचरा वेचत बसली होती. मागे खुंटीवर रेडिओ होता, फडक्यात घट्ट बांधून ठेवलेला. लेक अंगणात येऊन उभी राहिली तरी तिने मान वर केली नाही.

मुखरूने हात जोडले. कार्ड मीच लिहिलं होतं, बायकांची थोडी गंमत केली, असं त्याने सांगितलं. वाटेत तीन एसट्यांमध्ये त्याने हे घोकलं असावं. पण हसायची सवय जात नाही. शेवटी त्याने आपलं ते वाक्य पुन्हा म्हटलंच.

"रेडिओवरची गोष्ट, माय. खरं थोडंच असते."

म्हातारी उठली. तिने रुखमाला खांद्याला धरून पाठमोरी केली आणि तिचा पदर बाजूला केला. दोन महिने होऊन गेले होते, तरी वळांचे काळे डाग तसेच होते. ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली.

"हे खोटं हाय काय?" तिने मुखरूला विचारलं.

त्याचं हसणं तेव्हा पहिल्यांदा थांबलं. रंभाबाईने लेकीला सोमारी म्हणून हाक मारली आणि मग दोघी रडल्या. भागीरथाचे डोळे कोरडे होते. तिला वाटलं, ही म्हातारी एक, हिच्यापर्यंत येता तरी आलं. पाच जिल्ह्यांत ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं, त्यांच्या अंगणात हा कधी जाणार आहे?

परत आल्यावर तिने ठरवलं ते असं. रोज सकाळी मुखरू टपाल काढतो त्या वेळी ज्यांची कार्डं असतील त्या बाया दुकानात हजर राहतील. कार्ड पेटीत टाकायचं नाही, त्याच्या हातात द्यायचं, देताना आपलं माहेरचं नाव आपल्या तोंडाने मोठ्याने सांगायचं, त्याने समोर शिक्का मारायचा आणि पिशवी बांधून सायकलवर जाईपर्यंत कोणी हलायचं नाही. गिऱ्हाइकं खोळंबली तर खोळंबू देत. पहिल्या दिवशी तिघी आल्या. अक्षय तृतीयेपर्यंत चौदा झाल्या, आधीपेक्षा तीन जास्त.

रुखमा सगळ्यांत पुढे असायची. "रंभाबाईची लेक सोमारी," ती म्हणायची आणि मुखरू शिक्का मारायचा. सोमाजी एकदा दुकानाच्या बाहेर उभा राहून हे पाहून गेला.

एका सकाळी मुखरूचा धीर सुटला. शिक्का हातात धरून तो भागीरथाला म्हणाला की बाई, मुलचेऱ्याला आलो, हात जोडले, अजून काय पाहिजे?

"अजून काऊन माफ नाई केलं?" त्याने विचारलं.

आधी ती त्याला मुखरूभाऊ म्हणायची. भाऊ म्हणणं तिने फाल्गुनातच सोडलं होतं.

"पिशवी बांधा," ती म्हणाली.