हॉर्न वाजायच्या आत

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे. राजा-राणीचा नव्हे. माझ्या पानांवर प्राणी आहेत: गांधीलमाशी, विंचू, मुंगूस, ससाणा, आणि अगदी शेवटी भरलेली कासवं. दौंडच्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी राहतो.

मी एका दिवसात जन्मलो नाही. कुठल्याशा छापखान्यात माझी पानं छापली, कापली आणि बबलगमच्या पुड्यांत एकेक करून घातली. तिथून मी गावोगाव पांगलो. मला गोळा केलं करुणानं. बबलगम धाकट्या पोरांना वाटायचं आणि पान आपल्याकडं ठेवायचं, असा तिचा खाक्या होता.

खेळ सोपा होता. दोघांपुढं वीस-वीस चिंचोके. ते म्हणजे जीव. आपल्या कॅटातलं वरचं पान उचलायचं आणि हातातलं एक पान मांडायचं. हत्ती, गेंडा ही मोठी पानं एका धडकेत पाच चिंचोके नेत, पण मांडल्यावर दोन फेऱ्या नुसती बसून राहत. विंचू नि गांधीलमाशी आल्या आल्या डसत. एकच चिंचोका नेत, पण थांबत नसत. कासव कुणालाच मारत नसे. ते फक्त समोरचा घाव अडवी. ज्याचे चिंचोके संपले तो हरला.

करुणाचे वडील महेंद्र कुरकुंभच्या एका कंपनीत पाळीवर जात. दुपारच्या पाळीचा आठवडा असला की जेवण उरकून, डबा पिशवीत घालून ते ओट्यावर बसत. करुणाची शाळा सकाळची. कंपनीची गाडी येईपर्यंत दोघांचा एक डाव होई. गाडी कोपऱ्यावर येऊन हॉर्न देई. हॉर्न झाला की डाव तिथंच थांबवायचा, आणि ज्याचे चिंचोके कमी त्यानं हरलो म्हणायचं. हा नियम पुड्यावर छापलेला नव्हता. तो त्या ओट्याचा नियम होता.

सुरुवातीला माझ्यात हत्तीच हत्ती होते. करुणाला ते ऐटदार वाटत. तिचे हत्ती अजून बसलेलेच असत, तोवर हॉर्न होई.

"ह्ये हत्ती कशाला पोसतीस, करे?" महेंद्र चपला शोधता शोधता हसत. "गाडी यायच्या आत उठतोय का त्यो?"

हे तिच्या मनाला लागलं. त्या आठवड्यात तिनं मला ओट्यावर पसरलं आणि नव्यानं बांधायला घेतलं. हत्ती गेले. गेंडे गेले. कासवं तर तिनं पहिल्या फेरीतच बाजूला फेकली. एक हत्ती देऊन तीन विंचू, एक गेंडा देऊन दोन गांधीलमाश्या, अशी वर्गातल्या पोरांशी अदलाबदल केली. माझ्यातून निघालेली उरलीसुरली जड पानं आणि कासवं वडिलांच्या कॅटात गेली. त्यांना ती चालत.

महेंद्रांनी मला हातात घेऊन एकदा चाळलं. "नुसता चावरा कॅट केलाय की. आन् पयला झपाटा वाया गेला, मग काय करशील? अडवायला एक पान न्हाई ह्यात."

"मग काय? तवर हॉर्न वाजतो की," करुणा म्हणाली.

ते खो खो हसले. त्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा त्यांच्यापुढं चार चिंचोके होते. "हरलो," म्हणत ते गाडीकडं पळाले आणि डब्याची पिशवी ओट्यावरच विसरले. सुरेखाबाई, करुणाची आई, ती घेऊन मागून धावल्या. "अवो, पत्त्यांवर पोट भरनार हाय का?"

मित्रांनो, ते माझे भराचे दिवस होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत करुणा मला शिरूरला धुरपदाआत्याकडं घेऊन गेली. आत्याच्या आयुषकडं गुळगुळीत, कोरी पानं होती. आत्याचा चहा उकळायच्या आत त्याचे वीसही चिंचोके उडाले.

"ह्याला काय खेळ म्हंत्यात?" आयुष चिडला. "लाल मुंग्या डसल्यागत!"

"बापावर गेलीय," आत्या कौतुकानं म्हणाली.

पुढच्या डावात मात्र आयुषनं कासवं मांडली आणि नुसता बसून राहिला. माझे विंचू त्या पाठींवर आपटून आपटून संपले. करुणाचा हात रिकामा झाला, तसा त्यानं हत्ती मांडला. तिनं सवयीनं रस्त्याकडं कान दिला. पण शिरूरच्या त्या आळीत कंपनीची गाडी येत नव्हती, आणि ती हरली.

पुढं दोनेक वर्षांनी महेंद्रांना श्वास पुरेनासा झाला. आधी जिना चढताना, मग ओट्याची पायरी चढताना, मग बोलताना. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सुरेखाबाईंना खोलीबाहेर नेऊन काय ते सांगितलं. सुरेखाबाईंनी ते करुणाला सांगितलं नाही. करुणानं विचारलंही नाही. महेंद्रांची पाळी सुटली आणि ओट्याऐवजी खिडकीशी टाकलेल्या खाटेवर आमचा डाव पडू लागला.

गाडी अजून येत होती. इतरांना न्यायला. दुपारी कोपऱ्यावर हॉर्न झाला की महेंद्र बोलता बोलता थांबत, हातातली पानं पालथी ठेवत, आणि त्यांचे पाय खाटेखाली चपला चाचपत.

"बाबा, जायचं नाही आपल्याला," करुणा म्हणे.

"व्हय की," ते म्हणत आणि पाय वर घेत. त्यानंतर त्या दिवशी डाव पुढं सरकत नसे.

माझी मोठी पंचाईत झाली होती. मला घाईसाठी बांधलेलं. मी डाव पटकन संपवी, आणि डाव संपला की महेंद्र डोळे मिटून पडत. करुणा समोर बसून राही. तेव्हा तिनं मला पुन्हा बांधायला घेतलं. या वेळी तिला जिंकायचं नव्हतं. तिला डाव संपायला नको होता. वडील झोपले की ती त्यांच्या कॅटातलं एखादं कासव काढी आणि माझ्यात घाली. त्या जागी माझा एक विंचू त्यांच्याकडं ठेवी. माझ्या अंगातून एकेक डंख निघाला आणि एकेक पाठ आत आली.

"करे, माजी कासवं कुठं गेली गं?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"माझ्याकडं आली. रांगत रांगत."

ते हसले, मग खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तुजा कॅट बिघडवलास. चांगला चावरा हुता."

"असू दे, बाबा. तुम्ही पान उचला."

शेवटचा डाव सकाळीच मांडला होता. मधे त्यांना धाप लागली, मधे पेज झाली, मधे ते झोपले. करुणानं काहीच हलवलं नाही. दुपारी ते उठून उशीला टेकून बसले. समोर माझी कासवं ओळीनं मांडलेली. त्यांनी एक विंचू टाकला, कासवानं अडवला. करुणानं आणखी एक कासव टाकलं. असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. कोपऱ्यावर हॉर्न झाला.

महेंद्रांनी पानं पालथी ठेवली.

"हॉर्न झाला," ते म्हणाले.

"तो आपला नाही आता. उचला ना पान."

"नियम म्हंजी नियम. मोज."

तिनं मोजले. तिचे जास्त होते. कासवांनी राखलेले.

"हरलो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "कासवं घिऊन जिंकलीस की गं, पोरी."

 संध्याकाळी त्यांना पुण्याला नेलं. ते परत आले ते चौघांच्या खांद्यांवर जाण्यासाठीच.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं येणार म्हणून खाट भिंतीशी उभी केली. सुरेखाबाईंनी पानं आणि चिंचोके गोळा केले, कोथिंबिरीच्या जुडीचा रबर मला लावला आणि डब्यात ठेवलं. त्यानंतर कित्येक वर्षं मला कुणी उघडलं नाही. रबर आधी वाळला, मग पाघळला, मग माझ्या अंगात रुतला.

आता सुरेखाबाई करुणाकडं राहायला जायच्या आहेत, म्हणून घर रिकामं होतं आहे. आज करुणानं डबा उघडला. नखानं रबर खरवडला. त्याबरोबर दोन विंचू फाटले. चिंचोक्यांना भोकं पडली होती. सगळ्यात वर शेवटच्या डावातलं माझ्यातलं न उचललेलं पान तसंच होतं. ते तिनं उलटून पाहिलं नाही. मला ठाऊक आहे, ते कासवच आहे.

मित्रांनो, पानं कोरड्या जागी ठेवा. रबर लावू नका. सुती कापडात सैलसर गुंडाळा. वर्षातून एकदा तरी हातात घ्या. एवढं केलंत तर पानं टिकतात. पानंच टिकतात. ज्याच्याशी खेळायचं तो माणूस कुठल्याही पानानं अडवून धरता येत नाही. मला कासवांनी भरून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

कोपऱ्यावर कुठलीशी गाडी हॉर्न देऊन गेली. करुणानं मला पालथं ठेवलं.