खोट्या नाडीचा रुग्ण

मित्रांनो, आजारी पडणे हा माझा व्यवसाय आहे. रुग्णालयाच्या प्रशिक्षण-खोलीतला मी एक जुना रबरी पुतळा. छातीत हवेचा पंप, मनगटात खोटी नाडी. हृदयाची तरतूद कारखान्यात नव्हती.

पूर्वी माझ्यावर फक्त होणारे डॉक्टर आणि परिचारिका शिकत. पुढे समाजकार्याचे विद्यार्थीही येऊ लागले. घरी गेल्यावर रुग्णाचे कसे निभेल, हे पाहणे त्यांचे काम. शिकवणाऱ्या बाईंचा नियम कडक होता: समाजकार्याचा विद्यार्थी बोलल्याशिवाय खाटेजवळून कोणी हलायचे नाही.

त्यांच्यात बारीक आवाजाची एक मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. त्या दिवशी मी मधुमेही म्हातारा होतो. एका होणाऱ्या डॉक्टरने मला इन्सुलिन सुचवून घरी सोडले.

"पण घरी सिरिंज भरणार कोण?" चिमणीने विचारले.

"बायको भरेल की!"

"आजींना सिरिंजवरच्या रेघा दिसतात का, विचारलंस?"

त्याने विचारले नव्हते. बाईंनी चिमणीची पाठ थोपटली. टाळ्या सर्वांत जोरात त्यानेच वाजवल्या. सहकार्याचे गुण सगळ्यांना सारखे मिळाले.

पुढच्याच आठवड्यात खऱ्या वॉर्डातून तसेच एक आजोबा घरी निघाले. तिथे बाई नव्हत्या. त्यामुळे नियमही नव्हता. आजींशी बोलून त्यांची नजर अधू असल्याचे चिमणीने जाणून घेतले होते. ती घोळक्याच्या मागे उभी होती.

"अरे ऐक ना, त्या आजींना..."

"चिमणे, तुझं नंतर गं! अर्धा वॉर्ड पडलाय अजून."

टाळ्या वाजवणारा तोच. घोळका पुढच्या खाटेकडे सरकला. ते 'नंतर' उगवले, तेव्हा आजोबा फाटकाबाहेर गेले होते आणि घरचा फोन लागत नव्हता. आजींनी औषध जास्त भरले. आजोबा बेशुद्ध होऊन परत आले, ते उठलेच नाहीत.

हे मला चिमणीने सांगितले, रिकाम्या खोलीत, माझे मनगट धरून. माझी नाडी सुरू करायला ती विसरली होती.

आता प्रत्येक तुकडीसमोर मी तेच आजोबा होतो. सगळे योग्य प्रश्न विचारतात, मी दर वेळी वाचतो. यावरून इतकेच सिद्ध होते, की पुतळे वाचवता येतात.

मित्रांनो, खऱ्या खाटेपाशी मात्र मागे उभ्या असलेल्या मुलीचे बोलणे संपेपर्यंत पाऊल उचलू नका. माझ्यापाशी नाही थांबलात तरी चालेल. मला पुन्हा सुरू करायला बटण आहे.