दोन कड्यांचा दरवाजा

मी बोलतोय कोसोवोतल्या प्रिझ्रेन गावातल्या एका भिंतीतून. मी एक कपिजिक. दोन शेजाऱ्यांच्या अंगणांमध्ये जी उंच भिंत असते, तिच्यात ठेवलेल्या लहानशा दरवाज्याला आमच्या गावात कपिजिक म्हणतात. माझी उंची एक मीटर चाळीस सेंटिमीटर, रुंदी साठ. माझ्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला वाकावं लागतं.

माझं लाकूड चेस्टनटचं. १९५७ च्या सप्टेंबरात एका म्हाताऱ्या सुताराने मला बसवलं. भिंतीच्या एका बाजूला अल्बानियन कुटुंब होतं, दुसऱ्या बाजूला सर्ब. सुताराने दोन्हीकडून एकेक लोखंडी कडी ठोकली आणि दोन्ही घरच्या माणसांना नियम सांगितला. दरवाजा कायम उघडा राहील. भांडण झालं तर ज्याला राग आला त्याने आपल्या बाजूची कडी लावावी, आणि राग गेल्यावर ज्याने लावली त्यानेच ती काढावी. कपिजिक कोणी ठोठावायचं नाही. ढकलायचं, उघडलं तर आत यायचं, नाही उघडलं तर समजून घ्यायचं.

चाळीस वर्षांत भांडणं पुष्कळ झाली. ती बहुतेक तुतीच्या झाडावरून. झाड सर्बांच्या अंगणात होतं, फांद्या इकडे, अल्बानियन कुटुंबाच्या अंगणात होत्या, आणि पिकलेल्या तुती वाळत घातलेल्या चादरींवर पडत. सगळ्यात लांबलेलं भांडण अकरा दिवस चाललं.

१९७९ साली नाझमिये इकडच्या अल्बानियन घरात सून म्हणून आली. तिचा नवरा जर्मनीत कामाला होता, वर्षातून एकदा यायचा. त्यामुळे तिचा दिवस शेजारच्या दारिंकाशीच जायचा. दारिंका तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. नाझमिये तिला दारिंकाताई म्हणायची आणि दोघी अल्बानियन, सर्बियन नि तुर्की अशा तीन भाषा एकत्र कालवून बोलायच्या.

शरद ऋतूत दोन्ही अंगणांत लाल ढोबळ्या मिरच्या भाजून वर्षभराची चटणी करून ठेवायचे. धुराने गल्ली भरून जायची.

“अगं, मिरच्या भाजतेयस की आम्हाला हाकलून लावतेयस?” दारिंका माझ्यातून डोकं काढून विचारायची.

“ताई, तुमच्या घरात कधी काही शिजलं असतं तर धुराची सवय असती,” नाझमिये म्हणायची. मग दारिंका वाकून आत यायची, पातेल्यातली चटणी बोटाने चाखायची आणि मीठ कमी आहे म्हणायची. मीठ दरवर्षी कमी असायचं.

कोसोवो तेव्हा सर्बियाच्या ताब्यात होता; १९९९ च्या मार्चअखेरीस नाटोची विमानं सर्बियावर बॉम्ब टाकू लागली. त्यानंतर तोंडं झाकलेली सर्ब माणसं घरोघरी फिरून अल्बानियन लोकांना बाहेर काढू लागली. चार एप्रिलला ती आमच्या गल्लीत शिरली. दारिंकाने मला ढकललं, नाझमियेला आणि तिच्या दोन्ही मुलींना दंडाला धरून आपल्या अंगणात ओढलं आणि तळघरात नेलं. ती माणसं रिकाम्या घरातून फिरून गेली. दारिंकाला त्यांनी विचारलं, तेव्हा तिने शेजारी केव्हाच सीमेकडे गेल्याचं सांगितलं. नऊ दिवस त्या तिघी तिच्या तळघरात होत्या. दहाव्या दिवशी ट्रॅक्टरांची मोठी रांग अल्बानियाच्या सीमेकडे निघाली, तिच्यात मिसळून त्या गेल्या. नाझमियेच्या पायांत दारिंकाचे बूट होते.

जूनमध्ये युद्ध थांबलं. सर्बियाचं सैन्य परत गेलं, जर्मन सैनिक गावात आले. लोकांनी त्यांच्या रणगाड्यांवर फुलं टाकली. सतरा जूनला नाझमिये मुलींना घेऊन घरी परतली. तिच्याबरोबर तिचा थोरला दीर ताफिल होता. त्याचं खेड्यातलं घर जळालं होतं आणि मुलगा एप्रिलपासून बेपत्ता होता. आल्याबरोबर त्याने माझी इकडची कडी लावली.

एकोणीस जूनला शनिवार होता. सकाळी बंदुका घेतलेली काही अल्बानियन माणसं गल्लीत आली. ती सर्ब शोधत होती. गल्लीच्या टोकाच्या घरातून त्यांनी एका म्हाताऱ्या जोडप्याला ओढत नेलं. त्यांचं ओरडणं दारिंकाने ऐकलं असणार. ती अंगण ओलांडून माझ्यापाशी आली आणि तिने मला ढकललं. मी हललो नाही. मग तिने जे आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. तिने मला ठोठावलं.

चार वेळा ठोठावलं. नाव घेतलं नाही, हाक मारली नाही. तिला आवाज करायची भीती होती. इकडे अंगणात ताफिल बाकावर बसला होता. नाझमिये ओट्यावर पीठ मळत होती. तिने वर पाहिलं, ताफिलकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मी बंद राहिलो.

दारिंका वाचली ती जर्मन सैनिकांची गस्त रस्त्यावरून चालली होती म्हणून. ती तशीच घरच्या चपलांवर धावत बाहेर गेली. सैनिकांनी तिला पाद्र्यांच्या शाळेत, जिथे सर्ब आसऱ्याला जमले होते, पोहोचवलं आणि तिथून ती सर्बियात क्राल्येवोला गेली. आठवडाभराने ताफिल तिच्या घरात राहायला गेला. पुढे २००४ च्या दंगलीत गावातली सर्बांची घरं जाळली गेली. हे घर वाचलं, कारण त्यात ताफिल होता.

त्यानंतरची वर्षं परदेशी लोकांची. ते संयुक्त राष्ट्रांच्या पांढऱ्या गाड्यांतून यायचे, सहा महिन्यांनी बदलायचे, आणि प्रत्येक नवा माणूस पहिलेच प्रश्न पुन्हा विचारायचा. घरं कोणाची हे ठरवायला त्यांनी एक कार्यालय उघडलं होतं. जमिनीची जुनी दप्तरं सर्बियाचे अधिकारी जाताना बरोबर घेऊन गेले होते, म्हणून पुन्हा मोजणी सुरू झाली. दारिंकाने क्राल्येवोहून आपल्या घरासाठी अर्ज केला होता.

२००५ च्या ऑक्टोबरात एक परदेशी मोजणीदार आला. त्याने दोन्ही अंगणं मोजली, मला पाहिलं, आणि मधे दरवाजा आहे म्हणजे दोन्ही घरं एकाच कुटुंबाची, असं समजून नकाशावर एकच आकृती काढली. मधली भिंत त्याने काढलीच नाही. बिचाऱ्याच्या देशात शेजाऱ्याच्या अंगणात दरवाजा ठेवत नसतील. ताफिलने नकाशावर सही केली.

चूक एका परक्याची, पण तिचं कारण मी होतो. मी भिंतीत आहे म्हणून दारिंकाचं घर जाणार होतं.

हरकत घ्यायला तीस दिवस होते. ताफिल नाझमियेच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

“खोटं बोल असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “तू फक्त गप्प बस. तुला काही करायचंच नाहीये.”

“भाऊजी, मागेही मी काही केलं नव्हतं,” नाझमिये म्हणाली.

“माझं घर कोणी मोजायला आलं का? माझा मुलगा कोणी शोधला?”

  ताफिलचा मुलगा आजपर्यंत सापडलेला नाही.

सव्विसाव्या दिवशी ती कार्यालयात जाऊन आली. पुढच्या आठवड्यात एक परदेशी बाई दुभाष्याला घेऊन आल्या आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. शांत, वयस्क बाई होत्या. दरवाजा असताना घरं दोन कशी, असं त्यांनी विचारलं.

नाझमिये म्हणाली, “बाई, तुमच्या घरात खोल्यांच्या दाराला दोन्हीकडून कड्या आहेत का? आपल्याच घरात आपण कोणावर रुसून अंगण बंद करतो का? ही कडी माझी. ती पलीकडची दारिंकाताईंची.”

बाईंनी वाकून इकडची कडी पाहिली, रस्त्याने पलीकडे जाऊन तिकडचीही पाहिली, फोटो काढले. मग कागद पुढे ओढून विचारलं, “ही कडी शेवटची कधी लावली?”

“एकोणीसशे नव्याण्णवच्या जूनमध्ये. सतरा तारखेला.”

“कोणी?”

“लावली भाऊजींनी. काढली नाही ती मी.”  दुभाष्या तरुण होता, त्याने तिला पाणी हवं का विचारलं. ती नको म्हणाली. “एकोणीस तारखेला ताईंनी पलीकडून ठोठावलं. चार वेळा. मी इथे पीठ मळत होते. मळत राहिले. हेही लिहा. दोन घरं नसती तर त्यांना ठोठावावं लागलं नसतं.”

बाईंनी सगळं लिहून घेतलं. ताफिल पलीकडच्या अंगणात उभा राहून ऐकत होता. त्या दिवसापासून तो नाझमियेशी बोलला नाही.

निकाल यायला अडीच वर्षं लागली. तोवर देशच बदलला होता. २००८ च्या फेब्रुवारीत कोसोवो स्वतंत्र झाला, गल्लीत निळे झेंडे लागले, केक वाटले गेले. मे महिन्यात कागद आला की पलीकडचं घर दारिंकाचं. ताफिलने तोवर खेड्यात नवं घर बांधलं होतं, तो तिकडे राहायला गेला. जाताना त्याने अंगण झाडून ठेवलं होतं.

दारिंका एकाच दिवसासाठी आली, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. बरोबर दोन पोलीस होते. ती रस्त्याच्या दाराने आत आली, खोल्या पाहिल्या, मग माझ्यापाशी एक रिकामी पेटी उलटी घालून बसली. नाझमियेने इकडची कडी सकाळीच काढली होती. मी उघडा होतो. ती या बाजूला कॉफीचं तबक घेऊन उभी होती.

“ताई, आत या.”

“इथेच ठीक आहे,” दारिंका म्हणाली. ती फार बारीक झाली होती.  “नऊ वर्षं मी क्राल्येवोत सगळ्यांना सांगत होते की त्या दिवशी नाझमिये घरात नव्हती. ती सीमेवरून परत आलीच नव्हती. असती तर तिने उघडलं असतं.”

“मी होते, ताई.”

“हो. निकालाच्या कागदात तुझी जबानी आहे. घर माझं हे शेवटच्या पानावर होतं. तू पीठ मळत होतीस हे त्याच्या आधीच्या.”

 नाझमिये म्हणाली की गप्प राहिले असते तर घर गेलं असतं.

“माहीत आहे. घर गेलं असतं आणि शेजारीण राहिली असती,” दारिंका म्हणाली. “आता घर आहे.”

ती रागाने बोलली नाही. एखाद्या नातेवाइकाच्या आजाराची खबर द्यावी तसं बोलली. मग तिने हात लांब करून तबकातली कॉफी उचलली, तिथेच बसून पूर्ण प्यायली आणि कप परत ठेवला. पोलिसांनी घड्याळ दाखवलं तेव्हा ती उठली आणि आली तशी रस्त्याच्या दाराने गेली.

घर तिने पुढे २०१७ मध्ये विकलं. ते जिनिव्हाहून परतलेल्या एका दंतवैद्याने घेतलं. त्याची बायको सभ्य आहे. तिने येऊन विचारलं, हा दरवाजा बुजवला तर चालेल का, मुलं लहान आहेत. नाझमियेने सांगितलं की दरवाज्याची पलीकडची बाजू तुमचीच आहे. गवंड्याने परवा विटा आणून रचल्या. इकडून मला काढून न्यायला तो तयार होता, लाकूड अजून चांगलं आहे म्हणाला. नाझमियेने नको सांगितलं.

सोमवारी पलीकडून भिंत होईल. इकडून मी दिसत राहीन, उघडलो तर विटा दिसतील. माझी तक्रार नाही. साठ वर्षं एका दरवाज्याला पुरे. तुमच्या घरी असा दरवाजा असेल तर एवढंच करा. कडी तुम्ही लावली की दुसऱ्या कोणी, हे बघत बसू नका. पलीकडून ठोठावलं तर हातचं पीठ तसंच टाकून उठा.