नळाकडे बघायचं

उत्तरेकडच्या आमच्या थंड बेटावर, गावच्या तरणतलावात कोणी अंग न धुता उतरलं, तर मी त्याला दंडाला धरून बाहेर काढते. मग तो मंत्री का असेना. कपडे सगळे काढायचे, साबण लावायचा, मगच पाण्यात. बायकांकडची देखरेख कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. एक नियम मात्र भिंतीवर लिहिलेला नाही, तरी सगळ्या पाळतात. ओळीनं लावलेल्या उघड्या शॉवरखाली दुसरीच्या अंगाकडे बघायचं नाही. हसा, बोला, मासळीचा भाव विचारा, नजर आपली नळाकडे.

देशात दर सव्वाशे-दीडशे माणसांत एकाच्या रक्तात छातीच्या कॅन्सरचा वारसा आहे, असा आकडा जाहीर झाला, तेव्हा मला गावातले चेहरेच दिसायला लागले. दोन हजारांचं गाव, म्हणजे पंधराएक जण. त्यात माझं घर असणार हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? माझी आई चाळिशीत गेली, पाठोपाठ मावशी. माझ्या नवऱ्याच्या, केतिलच्या घरात मात्र नव्वदीच्या आत मरायला कोणी तयारच नसतं.

सरकारनं सोय चांगली केली आहे. संगणकावर अर्ज करा, काही आठवड्यांत उत्तर येतं, आहे किंवा नाही. पुढे सल्ला, तपासण्या, हवी तर आधीच स्तन काढून टाकायची शस्त्रक्रिया. आणि जाणून घ्यायचंच नसेल, तर तोही तुमचा हक्क. मी तो हक्क घट्ट धरून बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझी लेक सोलरून बालवाडीत शिकवते. तिला हे पटेना.

"कळलं तर काहीतरी करता येतं, आई."

"आणि नाही कळलं तर शांत झोपता येतं."

"झोपतेस कुठे? बाबा सांगत होता, रात्रभर कूस बदलतेस."

"बाबाला म्हणावं, आधी स्वतःचं घोरणं बघ."

"मी अर्ज करणार आहे."

"अगं, तुला असलं तर ते माझ्याकडूनच आलेलं असणार! तुझं उत्तर म्हणजे माझंही उत्तर."

"मग काय करू? तुझ्या हक्कापायी मरू?"

"कर अर्ज," मी ओरडले, "पण मला सांगायचं नाही. आहे म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही." तिनं शब्द दिला.

त्यानंतर माझे हाल कुत्रा खाईना. तिचा फोन आला की मी तो केतिलच्या हातात द्यायचे. ती हसली की वाटायचं, लपवतेय. गप्प बसली की वाटायचं, संपलं सगळं. रविवारी तिनं मटण दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तर मी तिच्या ताटाकडे अशी बघत राहिले की केतिल म्हणाला, "खाऊ दे की पोरीला."

शनिवारी माझं काम संपलं की आम्ही मायलेकी पोहतो. त्या शनिवारीही शेजारशेजारच्या शॉवरखाली उभ्या होतो. बालवाडीतल्या कुठल्याशा पोरानं बुटात दही ओतल्याची गोष्ट ती सांगत होती. मी केसांचा साबण धुतला, डोळे उघडले, आणि पाहिलं तर ती माझ्या छातीकडे बघत होती. क्षणभरच. लगेच तिनं नळाकडे तोंड फिरवलं.



"आहे ना?" मी विचारलं.

"मी काही बोलले नाही."

"सोलरून."

"मी काही बोलले नाही, आई!" आणि ती रडायलाच लागली.

मी मरेन, हे मनात आलंच नाही. मी हे माझ्या पोरीला दिलं, एवढंच आलं. आणि अशा वेळी माझा आवाज चढतो.

"शस्त्रक्रियेची तारीख घेतलीस?"

"आधी तू तपासून घे. वयानं तुला धोका जास्त."

"मला नको. तुझी आधी."

"मग मलाही नको."

"थोबाड फोडीन!"

दोघी नागड्या, साबणाच्या फेसात, गाव गोळा होईल अशा भांडत होतो. आणि बाकीच्या बायका? इमानेइतबारे नळाकडे बघत होत्या.

"मला भीती वाटते गं," शेवटी मी म्हणाले. "आई दवाखान्यातून आली ती अंघोळीला आतून कडी लावायला लागली. तिचं काय झालं होतं ते मी कधी पाहिलंच नाही. म्हणून रोज डोळ्यांसमोर काहीतरी नवंच येतं."

कोपऱ्यातला शॉवर बंद झाला. तिथे बँकेतली हाल्वेग होती. गेल्या वर्षी राजधानीत जाऊन दोन्हीकडची शस्त्रक्रिया करून आलेली. ती ओल्या पायांनी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बघ, स्टेनव्हर."

"काय?"

"मला बघ. वर्षभर नळाकडे तोंड करून माझ्याशी बोलतेस. आता नीट बघ. पोरी, तूही बघ."

मी बघितलं. दोन सरळ, फिकट रेघा. त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं, बस्स.

"दुखतं?"

"थंडीत ओढल्यासारखं होतं."

"आणि पोहता येतं?"

"नाहीतर काय इथे तुमची तोंडं बघायला येते?"

सोलरून रडता रडता फिसकन हसली. मी तिचा हात धरला. "सोमवारी फोन कर," म्हटलं, "दोघींसाठी. आधी कोण, ते त्यांनाच ठरवू दे."

हाल्वेग जागची हलली नाही. माझं अजून बघून झालं नव्हतं.